एक मोबाईल, दोन पेपर: चोरीचं कलम आणि विचलनाचे सिद्धांत

एसटी स्टँडवर कुणीतरी चार्जिंगला लावलेला मोबाईल 19 वर्षांचा एक मुलगा उचलतो आणि चालू लागतो. फौजदारी कायद्याच्या पेपरात असा प्रश्न आला की कितीतरी उत्तरं त्याच्या गरिबीपासून सुरू होतात. समाजशास्त्राच्या पेपरात तोच प्रश्न आला की पोरं कलम लिहून मोकळी होतात. मार्क दोन्हीकडे जातात.

आधी कायदा. 1 जुलै 2024 पासून झालेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्याआधीच्या घटनेला जुनी दंड संहिताच लागते, म्हणून प्रश्नातली तारीख आधी बघा. चोरीची व्याख्या कलम 303 मध्ये आहे, जुनं 378. घटक असे: वस्तू जंगम, म्हणजे हलवता येण्याजोगी हवी, ती कुणाच्या तरी कब्जात हवी, कब्जा असणाऱ्याची संमती नसावी, घेणाऱ्याचा इरादा अप्रामाणिक हवा आणि घेण्यासाठी वस्तू जागेवरून हलवलेली हवी. शेवटचा घटक उत्तरातून हमखास गळतो. चार्जरमधून काढून दोन पावलं नेला की मोबाईल 'हलला'. स्टँडबाहेर पोचायची गरज नाही. हापूसची पेटी जंगम आहे, पण झाडावरचा आंबा तोडेपर्यंत जमिनीशी जोडलेला असतो. तोडताक्षणी तो जंगम होतो, आणि तोडण्याच्या त्याच कृतीने तो हललेलाही असतो.

सगळ्यात जास्त घोळ मालकी आणि कब्जा यांत होतो. कलमाखालचंच उदाहरण घ्या. घड्याळ तुमचं, दुरुस्तीला दिलेलं, दुरुस्तीचे पैसे थकलेले आणि दुकानदाराने ते तारण म्हणून कायदेशीरपणे ठेवून घेतलेलं. त्याचं तारण बुडवायच्या इराद्याने तुम्ही ते उचललंत, तर स्वतःच्याच घड्याळाची चोरी होते. देणं काहीच नसताना उघडपणे हिसकावून आणलंत तर चोरी नाही. हल्ला किंवा आगळिकीचा (बेकायदा शिरकावाचा) गुन्हा होईल तो वेगळा. रस्त्यात पडलेली, कुणाच्याच कब्जात नसलेली अंगठी उचलली तर तीही चोरी नव्हे. पुढे ती अप्रामाणिकपणे लाटली तर कलम 314 मधला अपहार.

'परत ठेवणारच होतो' हा बचाव प्यारेलाल भार्गव खटल्यात (1963) टिकला नाही. सरकारी फाईल घरी नेली, मित्राला तिच्यातले कागद बदलू दिले, फाईल परत जागेवर ठेवली. तरी सर्वोच्च न्यायालयाने चोरी मानली. गैरहानी, म्हणजे बेकायदा मार्गाने केलेलं नुकसान, तात्पुरती असली तरी पुरते.

आता मुलगा म्हणतो, 'मला तो माझाच वाटला.' इथे विद्यार्थी थेट अपवादांच्या प्रकरणात, म्हणजे कृती कधी गुन्हा ठरत नाही ते सांगणाऱ्या कलम 14 ते 44 मध्ये शिरतात. गरज नसते. हा समज प्रामाणिक असेल तर अप्रामाणिक इराद्याचा घटकच कोसळतो, आणि अप्रामाणिक इरादा सिद्ध करायचं ओझं सरकार पक्षाचं. वेडेपणा किंवा खासगी बचाव असा अपवाद मांडला की ओझं आरोपीवर येतं (भारतीय साक्ष्य अधिनियम, म्हणजे नवा पुराव्याचा कायदा, कलम 108), तेही शक्यतेचं पारडं झुकवण्याइतकंच. नौदल अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकराला गोळी घातल्याचा मुंबईचा नानावटी खटला याच भागासाठी नीट वाचावा. त्यातलं प्रेमप्रकरण परीक्षेत कामाला येत नाही.

शिक्षेच्या कलमात गंमत आहे. साधी चोरी: तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. माल 5,000 रुपयांच्या आतला, दोषसिद्धी पहिलीच आणि माल किंवा किंमत परत केली, तर समाजसेवा. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान एक वर्ष सक्तमजुरी, कमाल पाच, वर दंड. कृती तीच, पण दुसऱ्या वेळी कायदा माणसाचा इतिहास मोजतो.

विचलनाचे, म्हणजे माणूस समाजाचे नियम का मोडतो याचे, सिद्धांत इथून उघडा. समाजशास्त्रज्ञ मर्टनने (1938) गरिबीमुळे गुन्हे होतात असं म्हटलेलं नाही. समाज सगळ्यांना एकच ध्येय दाखवतो आणि तिथे पोचायचे वैध मार्ग मात्र सारखे वाटत नाही, हा ताण त्याने मांडला. आपला मुलगा 'नवप्रवर्तक': ध्येय मान्य, मार्ग बदललेला. दुसरा समाजशास्त्रज्ञ सदरलंड, त्याला 'वाईट संगत' एवढ्यावर गुंडाळू नका. जवळच्या गटात माणूस तंत्रही शिकतो आणि समर्थनंही. कायदा मोडण्याच्या बाजूचे अर्थ वरचढ झाले की तो कायदा मोडतो. यात पांढरपेशी गुन्हेगारीही बसते, गरिबीच्या सिद्धांतात ती बसत नाही.

लेमर्ट आणि बेकर या समाजशास्त्रज्ञांचा रोख समाजाच्या प्रतिक्रियेवर आहे. पहिली चूक प्राथमिक विचलन. शिक्का बसल्यावर माणूस त्या ओळखीभोवतीच जगू लागतो ते दुय्यम. त्यासाठी परदेशी उदाहरण शोधायला नको. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. नोंदणी, हजेरी, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट, म्हणजे सक्तीची वसाहत. 1952 मध्ये कायदा गेला, जमाती 'विमुक्त' झाल्या, मागे सराईत गुन्हेगारांचे कायदे राहिले. तुरुंग नियमावल्यांमधून हा शिक्का पुसायला सर्वोच्च न्यायालयाचा 3 ऑक्टोबर 2024 चा निकाल यावा लागला. पण शिक्का बसायच्या आधी मुलाने पहिला मोबाईल का उचलला, याचं उत्तर या सिद्धांताकडे नाही. ही टीका लिहिलीच पाहिजे.

मग कोर्टात यातलं काही चालतं का? घटक तपासताना नाही. शिक्षा ठरवताना चालतं. परिवीक्षा, म्हणजे दोषीला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडणं. परिवीक्षा अधिनियम 1958 चं कलम 6 सांगतं की 21 वर्षांखालच्या दोषीला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, सहसा तुरुंगात धाडू नये; धाडायचं तर कारणं नोंदवावीत. घर, संगत, शिक्षण हे सगळं परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालातून न्यायाधीशापुढे येतं. फक्त वय गुन्ह्याच्या दिवशीचं धरत नाहीत, खालचं कोर्ट दोषी ठरवतं त्या दिवशीचं धरतात (रामजी मिसर, 1963). खटला तीन वर्षं रेंगाळला तर आपला 19 चा मुलगा 22 चा झालेला असतो, कलम 6 हातचं गेलेलं असतं, आणि वकिलाला चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याच्या कलम 4 खाली कोर्टाच्या मर्जीवर अर्ज करावा लागतो.