मेसॉनिक इमारतींची जुनी पोस्टकार्डं: आधी पाठ वाचा

अमेरिकेतल्या बऱ्याच लहानमोठ्या गावांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रीमेसन (थोडक्यात मेसन) या बंधुसंघटनेच्या मंडळींची एक इमारत असे आणि तिचं पोस्टकार्ड निघालेलं असे. त्यामुळे माल भरपूर मिळतो. अडचण होते ती साल ठरवताना. विक्रेते इमारत बांधली ते साल कार्डावर चिकटवून मोकळे होतात. फिलाडेल्फियाचं टेंपल (मेसन आपल्या इमारतीला असं म्हणतात) 1873 चं, म्हणून कार्डही 1873 चं! अमेरिकेत खाजगी छापील कार्डांना टपालाची सवलत 1898 च्या मे महिन्यात मिळाली, तेव्हा एवढ्यावरूनच तो दावा निकालात निघतो.

म्हणून चित्राआधी पाठ, म्हणजे मागची बाजू, पाहावी. 1 मार्च 1907 पूर्वी अमेरिकेत पाठीवर फक्त पत्ता लिहायची मुभा होती. मजकूर पुढच्या बाजूला, चित्राशेजारच्या कोऱ्या पट्टीत किंवा थेट इमारतीच्या आभाळात खरडलेला असतो. त्याला खराबी समजू नका, ती त्या काळाची खूण आहे. पाठीवर मधोमध रेघ असेल तर कार्ड 1907 नंतरचं. ब्रिटनमध्ये मात्र ही रेघ 1902 पासूनच आहे, त्यामुळे लंडनच्या कार्डाला अमेरिकेचा नियम लावू नये. चित्राभोवती पांढरी चौकट साधारण 1915 ते 1930 मध्ये दिसते. कापडासारखा खरबरीत पोत आणि भडक रंग असतील तर 1930 ते 1945 चं 'लिनन'. कर्ट टाइश या छपाई कंपनीच्या लिनन कार्डावर '5ए-एच' (5A-H) अशा धर्तीचा क्रमांक असतो. त्यात ए म्हणजे 1930 चं दशक, बी म्हणजे 1940 चं. म्हणजे '5ए' हे 1935. हे छपाईचं साल. कार्ड पेटीत कधी पडलं ते शिक्का सांगेल.

शिक्का पुसट असेल तर तिकिटाकडे वळा. अमेरिकेत पोस्टकार्डाला बराच काळ एक सेंट पडे. दोन सेंट मात्र नोव्हेंबर 1917 ते जून 1919, मग एप्रिल 1925 ते जून 1928, आणि पुढे 1952 पासून. समजा डेट्रॉइटच्या प्रचंड टेंपलचं पांढऱ्या चौकटीचं कार्ड आहे आणि त्यावर दोन सेंटचं तिकीट आहे. ही इमारत 1926 साली समर्पित झाली, त्यामुळे पहिल्या महायुद्धाचा, 1917 ते 1919 चा काळ बाद. चौकटीमुळे 1952 ही बाद. उरला 1926 ते 1928 चा काळ. पुसट शिक्क्यावर इतकं नेमकं उत्तर मिळतं, यातच खरी मजा आहे. एक सावधगिरी तेवढी बाळगा: बांधकाम पुरं होण्याआधी आराखड्यावरून छापलेली कार्डंही असतात, आणि रंगवणारा कारागीर विजेच्या तारा, खांब, मोटारी खुशाल पुसून टाकी.

इमारत खरंच मेसॉनिक आहे का, हेही तपासा. दर्शनी भागावर गुण्या आणि कंपास असेल तर शंका नको. तीन कड्यांची साखळी ऑडफेलोज या वेगळ्या बंधुसंघटनेची, चंद्रकोर आणि तलवार श्राइनर मंडळींची. श्राइनर हे मेसनच असतात, पण त्यांची सभागृहं वेगळी, 'मॉस्क' (मशीद) म्हणवली जाणारी. संग्रहात त्यांचा कप्पा वेगळा ठेवलेला बरा. पुष्कळ ठिकाणी खाली दुकानं, वर कचेऱ्या आणि सर्वांत वर लॉजच्या, म्हणजे मेसनांच्या स्थानिक शाखेच्या, खोल्या असत. शिकागोची 1892 ची, 302 फूट उंचीची इमारत तशीच होती. ती 1939 मध्ये पाडली, म्हणून तिची कार्डं जास्त मोलाची वाटतात. खरं तर ती इतकी छापली गेली की साध्या प्रतीला जास्त पैसे मोजू नयेत.

छायाचित्र की छपाई, हे ठरवायला दहापट भिंग पुरतं. ठिपक्यांची जाळी दिसली तर छपाई, सलग करडी छटा असेल तर खरं छायाचित्र. छायाचित्राच्या पाठीवर तिकिटाच्या चौकोनात 'एझो' (AZO) हे छायाचित्राच्या कागदाचं नाव आणि चारही त्रिकोण वर टोक केलेले असतील तर कागद साधारण 1904 ते 1918 चा. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला तर सावध व्हा: ती उजळण्याची रसायनं कागदात साधारण 1950 नंतर आली.

साठवणीत आपल्याकडे पावसाळा घात करतो. मुंबईत, कोकणात दमट कपाटात तपकिरी ठिपके उठतात आणि ते जात नाहीत. बाजारातली मऊ, वास येणारी पीव्हीसी पाकिटं टाळा. त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ सुटून शाईवर चिकट थर बसतो. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटं घ्या, कार्डं आम्लमुक्त खोक्यात उभी ठेवा, सोबत सिलिका जेल ठेवा आणि ओलं झालं की बदला. नोंद करायची तर पाठीवर मऊ पेन्सिलीनं, दाब न देता. लॅमिनेशन, चिकटपट्टी, ओला कापूस, तिकीट भिजवून काढणं, हे सगळं वर्ज्य. तिकीट आणि शिक्का गेला की तारखेचा पुरावाही गेला.