कला शाखेत गणित? ‘तसा ग्रुप नाही!’

लातुरात दहावीला नव्वदच्या वर टक्के पडले की पुढे काय करणार, असं कुणी विचारत नाही. नीट की जेईई, एवढंच विचारतात. मी ‘आर्ट्स’ म्हटलं की समोरचा आधी माझ्याकडे बघायचा आणि मग पप्पांकडे. पप्पा म्हणायचे, "तिला कलेक्टर व्हायचंय." त्यावर हमखास उत्तर यायचं, "मग तर सायन्सच घ्या की! सायन्सवाल्यांना यूपीएससी सोपी जाते."

कुठून येतं हे, देव जाणे. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला कुठल्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची, कुठल्याही शाखेची पदवी चालते आणि वय किमान २१ लागतं. बारावीला काय होतं, हे पात्रतेत येतच नाही. मुख्य परीक्षेचे मेरिटला धरले जाणारे गुण १७५०, त्यातले ५०० वैकल्पिक विषयाचे. बाकी निबंध आणि सामान्य अध्ययनाचे चार पेपर, म्हणजे इतिहास, भूगोल, राज्यघटना, अर्थव्यवस्था, थोडं विज्ञान-तंत्रज्ञान, नीतिशास्त्र. एमपीएससीची राज्यसेवाही आता त्याच वर्णनात्मक वळणावर गेली आहे. माझा आतेभाऊ मेकॅनिकल इंजिनिअर आहे. तो सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून सध्या एनसीईआरटीची अकरावीची राज्यशास्त्राची पुस्तकं वाचतोय. तो म्हणाला, "मी पंचविसाव्या वर्षी जे वाचतोय ते तू सोळाव्या वर्षीच वाच. फक्त गणित सोडू नको."

या शेवटच्या वाक्याने पुढचा सगळा घोळ घातला.

गणित कशाला, तर सीसॅटसाठी, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या आकलन आणि गणिताच्या पेपरसाठी, नव्हे. सीसॅटचं गणित दहावीच्या पातळीचं असतं आणि त्या पेपरला ३३ टक्के मिळवून फक्त पास व्हायचं असतं. त्यासाठी बारावीपर्यंत कुणी डेरिव्हेटिव्ह काढत बसू नये. मला पुढे अर्थशास्त्र घेऊन बीए करायचंय. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला जायचं तर सीयूईटीत, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत, गणित द्यावंच लागतं. आपल्याकडेही अर्थशास्त्रात पुढे संख्याशास्त्र गाठतंच. म्हणून मला हवे होते इंग्रजी, मराठी, राज्यशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र आणि गणित. आपल्या बोर्डात कला शाखेला हे चालतं.

२०२५ साली अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाले. अर्जाचा भाग एक, भाग दोन, कॉलेजांचे दहा पसंतीक्रम. साइट पहिल्याच दिवशी बसली, पहिली यादी लांबत लांबत जूनच्या शेवटी लागली, पण त्याचं मला फार काही नाही, तो त्रास सगळ्यांनाच झाला. मला पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं. घरी पेढे आले.

यातली ग्यानबाची मेख अशी, की पोर्टलवर तुम्ही कॉलेज, शाखा आणि माध्यम निवडता, विषय नाही. विषय कॉलेजात गेल्यावर ठरतात. आणि पहिली पसंती मिळाली की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. फॉर्म लॉक करण्याआधी आम्ही कॉलेजात फोन करून विचारलं होतं. "सगळे विषय आहेत" असं उत्तर मिळालं होतं.

ऑफिसच्या खिडकीशेजारी एक कागद सेलोटेपने चिकटवलेला होता. त्यावर विषयांचे ठरलेले गट: ग्रुप ए, ग्रुप बी, ग्रुप सी. इतिहास, समाजशास्त्र, मानसशास्त्र, सगळं होतं. गणित नव्हतं. मी विचारलं. खिडकीतले सर मान वर न करता म्हणाले, "तसा ग्रुप नाही."

"पण गणित शिकवतात ना कॉलेजात?"

"सायन्सला."

"मग मी त्या वर्गात बसते."

"बाळ, गणित पाहिजे तर सायन्स घ्यायचं होतं ना. एवढे मार्क असून आर्ट्सला आलीस कशाला?"

मागे रांग होती आणि रांगेतले लोक हसले. पप्पा काही बोलले नाहीत, त्यांना खिडकीशी वाद घालायला आवडत नाही. मला आवडतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. खिडकी म्हणे, विभागप्रमुखांना विचारा. विभागप्रमुख म्हणे, माझी हरकत नाही, पण ऑफिस ठरवतं. ऑफिस म्हणे, बोर्डाची परवानगी लागेल. कसली परवानगी, कुठला कागद, ते कुणालाच सांगता येईना. उपप्राचार्य मीटिंगमध्ये. दुसऱ्या दिवशीही मीटिंगमध्ये. इकडे प्रवेश निश्चित करायची मुदत संपत चाललेली, आणि खिडकीतले सर दर वेळी तेच ऐकवायचे, "आत्ता ग्रुप ए घे, नंतर बघू." नंतर कोण बघतं? एकदा नाव ग्रुप एमध्ये गेलं की वर्षभर समाजशास्त्र, हे मला स्पष्ट दिसत होतं. समाजशास्त्र वाईट नाही. पण मला ते नको होतं.

शेवटी काम केलं ते बालभारतीच्या पुस्तकाने. शेजारच्या दादाकडून मी अकरावीचं गणिताचं पुस्तक आणलं आणि खिडकीत मुखपृष्ठ वर करून ठेवलं. त्यावर ठळक छापलंय, ‘गणित आणि संख्याशास्त्र’, आणि कंसात ‘कला व विज्ञान’. कॉमर्सचं पुस्तक वेगळं असतं, विषयाचा कोडही वेगळा, ८८. आमचा ४०. मी बोट ठेवून म्हणाले, "सर, यात कला आधी लिहिलंय."

सरांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. किंमत पाहिली असावी. मग पहिल्यांदाच उठून आत गेले.

आतून आल्या त्या सायन्सला गणित शिकवणाऱ्या मॅडम. त्यांनी फक्त वेळापत्रक मागितलं. आर्ट्सच्या आणि सायन्सच्या तासांवरून पेन्सिल फिरवली आणि म्हणाल्या, "इतिहासाच्या वेळी माझा तास आहे. इतिहास सोडशील?" मी तो घेतलाच नव्हता. "मग येऊन बस. मागे जागा असते." इतकं सोपं होतं ते! एवढ्यासाठी मला कित्येक दिवस फिरवलं, हे आठवलं की अजूनही डोकं सणकतं.

खिडकीने मात्र शेवटचा वार केलाच. पप्पांकडून लिहून घेतलं, ‘गणिताचे तास बुडाल्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही.’ पप्पांनी सही केली, तारीख टाकली आणि खाली स्वतःहून ‘पाल्याचे तास बुडणार नाहीत’ असं जोडलं. माझ्या मते हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं बंड.

तर तुम्ही या वाटेने जाणार असाल, तर फोनवर विचारू नका, कॉलेजात जाऊन ग्रुपचा कागद डोळ्यांनी बघा. ‘नंतर बघू’ला होकार देऊ नका. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. क्लार्कच्या आधी त्या विषयाच्या शिक्षकांना गाठा, वेळापत्रक त्यांच्या हातात असतं. आणि आर्ट्सचे वर्ग खरोखर भरतात का, हे सीनियर मुलींना विचारा. बऱ्याच ठिकाणी वर्ग नावालाच असतो.

‘सायन्स करून मग बीएला येता येतं, उलटं येत नाही’ हा सल्ला खोटा नाही. बीएस्सी, मेडिकल, इंजिनिअरिंग यांपैकी कशाबद्दलही मनात शंका असेल तर सायन्स घ्या. माझ्या मनात नव्हती, आणि केवळ सोय म्हणून दोन वर्षं ऑरगॅनिक केमिस्ट्री करायची माझी तयारी नव्हती.

एनडीएचं, म्हणजे बारावीनंतर सैन्यदलांत अधिकारी व्हायच्या परीक्षेचं, सांगायचं राहिलं. मुलींनाही ती आता खुली आहे, आणि लष्कराच्या शाखेसाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते. हवाई दल-नौदलाला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागतं. पण लेखी परीक्षेत गणिताचा ३०० गुणांचा पेपर सगळ्यांनाच असतो. आर्ट्सच्या मुलामुलींनी गणित सोडण्याआधी हे लक्षात घ्यावं.

भारतीय वनसेवा मात्र कुठल्याही पदवीवर मिळत नाही. पूर्वपरीक्षा नागरी सेवांचीच, पण पदवीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र अशा ठरावीक विषयांपैकी एक तरी हवा, नाहीतर शेती, वनशास्त्र किंवा इंजिनिअरिंगची पदवी. जंगलात नोकरी करायचं स्वप्न असेल तर माझं ऐकू नका, सरळ सायन्सला जा. तसं त्या यादीत गणित आणि संख्याशास्त्रही आहे. हे पप्पांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "जाऊन त्या खिडकीत सांगून येऊ का?"