वायफाय लागत नाही म्हणून लॅपटॉप फॉरमॅट करू नका

लॅपटॉपला वायफाय लागत नाही एवढ्याशा कारणासाठी कोणी "फॉरमॅट मारावा लागेल" (म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकावं लागेल) म्हटलं नं, तर लॅपटॉप बॅगेत टाका आणि सरळ घरी या. अगदी मनापासून सांगतोय, कारण माझ्या भाचीच्या बाबतीत हेच होता होता राहिलं. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टचं सगळं काम त्याच लॅपटॉपमध्ये, ऑनलाइन इंटरव्ह्यू तोंडावर आलेला, आणि नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानात त्या माणसानं स्क्रीनकडे जेमतेम बघितलं आणि सांगून टाकलं की विंडोज करप्ट आहे, फॉरमॅट करून देतो, संध्याकाळी घेऊन जा. पोरगी घाबरली, तिनं तिथूनच मला फोन लावला, "मामा, हा फॉरमॅट म्हणून राहिला, देऊ का?" मी म्हटलं अजिबात देऊ नको बेटा, मेट्रोत बस आणि घरी जा, मी संध्याकाळी येतोच तिकडे. ताईचं घर जयप्रकाश नगरला, स्टेशनपासून पायी जाता येतं.

फॉरमॅट का नको ते आधी सांगतो. वायफाय "लागतं" म्हणजे एक गोष्ट होत नाही, एकामागून एक बऱ्याच होतात. लॅपटॉपमधलं वायफायचं कार्ड चालू असावं लागतं, त्याचा ड्रायव्हर (विंडोजला ते कार्ड चालवता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) बरोबर असावा लागतो, मग कार्डाला राऊटरचं नाव दिसावं लागतं, मग पासवर्ड आणि सिक्युरिटीवर दोघांचं जमावं लागतं, मग राऊटर लॅपटॉपला एक आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा नंबर, देतो, मग डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा नंबर शोधून देणारी सोय, आणि त्याच्याही पलीकडे फायबरची लाईन. यातलं कुठलंही तुटलं तरी आपण घरी एकच वाक्य बोलतो, नेट चालून नाही राहिलं. फॉरमॅटनं यातलं फक्त विंडोजच्या आतलं तेवढं सुधारू शकतं, आणि ते विंडोजच्या आतलं बहुतेक वेळा एकही फाईल न पुसता सुधारता येतं. साधा ताप आला म्हणून आपण कोणाला थेट ऑपरेशन टेबलवर झोपवत नाही नं.

तर पहिलं काम, लॅपटॉपला हात न लावता करायचं. घरातला एखादा फोन घ्या, त्यातला मोबाईल डेटा बंद करा, आणि त्याच वायफायवर एखादी वेबसाइट उघडून बघा. डेटा बंद करणं फार महत्त्वाचं आहे, कारण वायफायला नेट नसलं की फोन गुपचूप मोबाईल डेटावर जातो आणि आपल्याला वाटतं वायफाय तर मस्त चालू आहे. फोनवरही नेट नसेल तर लॅपटॉपचा काही संबंधच नाही, फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला लाल दिवा लागलाय का ते बघा, लागला असेल तर बाहेर कुठेतरी वायर तुटली किंवा दबली आहे, तुमच्या हातात फक्त तक्रार नोंदवणं आहे.

फोनवर नेट आहे? मग आता उलटं करा. फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडून बघा. मला विचाराल तर सगळ्यात जास्त उत्तर याच एका गोष्टीतून मिळतं, आणि दुकानात हे कोणी करत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. लॅपटॉप हॉटस्पॉटवर बिनबोभाट चालला म्हणजे कार्ड जिवंत आहे, ड्रायव्हर चालतोय, विंडोज ठीक आहे, भांडण फक्त लॅपटॉप आणि घरच्या राऊटरमधलं आहे. (हॉटस्पॉटचं नाव लॅपटॉपला दिसलंच नाही तर फोनच्या सेटिंगमध्ये बँड (वायफायच्या लहरींचा पट्टा) ५ गीगाहर्ट्झ असेल तो २.४ करा, जुन्या स्वस्त लॅपटॉपमधली कार्डं फक्त २.४ च पकडतात.)

भाचीचा लॅपटॉप हॉटस्पॉटवर लगेच चालला. म्हणजे "विंडोज करप्ट" हे निदान तिथेच खोटं ठरलं, आणि ताईच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

आता घरच्या वायफायवर नेमकं काय होतंय ते नीट बघायचं, कारण "लागत नाही" याचे तीन वेगवेगळे प्रकार आहेत आणि तिघांचा इलाज वेगळा आहे. एक म्हणजे लॅपटॉपला कुठलंच नाव दिसत नाही, शेजाऱ्यांचंही नाही. दुसरं, नाव दिसतं पण जोडायला गेलं की नकार येतो. तिसरं, जोडलं जातं पण नेट नाही.

काहीच दिसत नसेल तर बहुतेक वेळा एअरप्लेन मोड चुकून दाबलेला असतो, किबोर्डच्या वरच्या रांगेत विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेलं बटण असतं ते एफएन सोबत दाबून बघा, आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपला तर बाजूला किंवा समोरच्या कडेला वायफायची सरकवायची खिटी असते, बॅगेत घालता काढता ती सरकते. त्यानंतर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (लॅपटॉपमधल्या सगळ्या भागांची यादी) नेटवर्क ॲडॅप्टर्सखाली वायफाय कार्डाचं नाव आहे का बघा. नावच गायब असेल तर घाबरू नका, आधी रीस्टार्ट करा, शटडाऊन नाही, रीस्टार्ट. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय चालू असली की शटडाऊन केलं तरी आतलं बरंचसं तसंच झोपवून ठेवलं जातं, रीस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं. तरी नाही आलं तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. अडकलेलं कार्ड यानं परत दिसायला लागतं हे मी बऱ्याचदा पाहिलंय. कार्डाच्या नावावर पिवळं त्रिकोणी चिन्ह असेल तर ड्रायव्हरचा घोळ आहे, तिथेच प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर रोल बॅक करता येतो, म्हणजे आधीचा परत आणता येतो, आणि नवा उतरवायचा असेल तर फोन युएसबी केबलनं जोडून टेदरिंग चालू करा, वायफाय नसतानाही लॅपटॉपला नेट मिळतं. ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या, ते सगळे ड्रायव्हर आपोआप शोधून देणारे फुकटचे प्रोग्राम असतात नं, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

भाचीचं दुसऱ्या प्रकारातलं होतं. नाव दिसत होतं, सिग्नल फुल्ल, पासवर्ड बरोबर, तरी "या नेटवर्कला कनेक्ट होऊ शकत नाही". घरातले सगळे फोन मात्र त्याच पासवर्डनं चालू. सेव्ह केलेलं नेटवर्क फर्गेट करून पुन्हा जोडून पाहिलं, नाही. मग मी ताईला विचारलं की इतक्यात काही बदललं का, तर ती म्हणे, "अरे, गेल्या आठवड्यात तो नेटवाला नवीन राऊटर लावून गेला नं." बस, इथेच धागा सापडला. नवीन राऊटरला तेच जुनं नाव आणि तोच पासवर्ड दिला होता म्हणून कोणाच्या लक्षातच आलं नाही, पण त्याची सिक्युरिटी डब्ल्यूपीए३ वर ठेवलेली होती, फक्त डब्ल्यूपीए३ वर.

हे जरा समजून घ्या कारण नवे राऊटर येतात तसतसं हे वाढणार आहे. वायफायवर जे बोलणं चालतं ते कोणी चोरून ऐकू नये म्हणून कुलूप लागतं, डब्ल्यूपीए२ हे २००४ चं आणि डब्ल्यूपीए३ हे २०१८ चं. २०१८ च्या आधीच्या कितीतरी लॅपटॉपच्या कार्डांना, त्यांच्या ड्रायव्हरना, डब्ल्यूपीए३ कळतच नाही. पासवर्ड शंभर टक्के बरोबर असला तरी दोघांचं बोलणं सुरूच होत नाही, आणि विंडोज काय चुकलं ते सांगत नाही, नुसतं "होऊ शकत नाही" म्हणून मोकळं होतं. तुमच्या कार्डाला काय काय येतं ते बघायला कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमधली कमांड टाइप करायची खिडकी) उघडून netsh wlan show drivers अशी कमांड टाइप करा, लांबलचक यादी येते, त्यात ऑथेंटिकेशनच्या खाली डब्ल्यूपीए३ दिसतं की नाही ते पाहा. भाचीच्या लॅपटॉपमध्ये नव्हतं.

मग फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१, म्हणजे राऊटरच्या सेटिंगचं पान, उघडलं, राऊटरच्या खाली चिकटवलेल्या स्टिकरवर युजरनेम पासवर्ड असतो त्यानं आत गेलो, वायरलेस सिक्युरिटीत डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ दोन्ही चालतील असा मिक्स पर्याय निवडला आणि सेव्ह केलं. राऊटर एकदा बंद चालू झाला आणि लॅपटॉप जोडला गेला. भाची काही बोलली नाही, आधी प्रोजेक्टचं फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकायला बसली, ते मला फार आवडलं. स्टिकरवरचा पासवर्ड चालला नाही तर नेटवाल्याला फोन करून एवढंच सांगा की मला डब्ल्यूपीए२ सुद्धा चालू करून द्या.

याच्या जवळचाच आणखी एक प्रकार आहे. फोनला नाव दिसतं, शेजाऱ्यांची नावं लॅपटॉपला दिसतात, पण आपलं तेवढं लॅपटॉपला दिसत नाही. २.४ गीगाहर्ट्झमध्ये आपल्याकडे १ ते १३ चॅनल (त्या पट्ट्याचे छोटे भाग) चालतात, पण अमेरिकेच्या हिशोबानं सेट केलेली कार्डं ११ च्या पुढे बघतच नाहीत, आणि राऊटर ऑटोवर असला की तो कधीकधी स्वतःहून १२ किंवा १३ वर जाऊन बसतो. राऊटरमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एक पक्का करून टाका, हे तीन एकमेकांवर चढत नाहीत.

तिसरा प्रकार, जोडलं पण नेट नाही. त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये ipconfig टाइप करा, लॅपटॉपचा आयपी ॲड्रेस दिसतो. ॲड्रेस १९२.१६८ नं सुरू होणारा असेल तर राऊटरनं दिलाय, बरं आहे. १६९.२५४ नं सुरू होणारा असेल तर राऊटरनं काही दिलंच नाही आणि विंडोजनं स्वतःच एक नंबर लावून घेतलाय, अशा वेळी राऊटर बंद चालू करा, आणि लॅपटॉपमध्ये आयपी ऑटोमॅटिकवर आहे ना ते बघा, ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये कोणीतरी हातानं नंबर टाकून ठेवलेला असतो. ॲड्रेस ठीक असेल तर तिथेच ping 8.8.8.8 टाइप करा (हा गूगलचा सर्व्हर आहे, तिथून उत्तर येतं का ते कळतं), उत्तर येतंय पण साइट उघडत नाही म्हणजे डीएनएस अडकलंय. आणि घड्याळाकडे एकदा नजर टाका, तारीख मागची असली की ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो आणि लोक वायफायला शिव्या घालतात. एवढं करून नाहीच झालं तर सेटिंगमध्ये नेटवर्क रीसेट आहे, त्यानं फक्त सेव्ह केलेले वायफायचे पासवर्ड आणि नेटवर्कची सेटिंग जातात, फोटो, फायली सगळं जागेवर राहतं.

आता नागपूरचं म्हणून जे आहे ते. एप्रिल लागला की तक्रारी वाढतात, आणि त्यात कूलरचा हात मोठा आहे. फायबरची वायर बहुतेक घरांत गॅलरीतून आत येते, राऊटर तिथेच दाराजवळ ठोकलेला असतो, आणि उन्हाळा आला की नेमका त्याच दारात कूलर उभा राहतो. लोखंडी बॉडी, आत टाकीभर पाणी, बाजूंना भिजलेल्या खसच्या ताट्या. लोखंड सिग्नल परतवतं, पाणी तो शोषून घेतं, आणि ५ गीगाहर्ट्झचा तर आधीच भिंतींनी जीव काढलेला असतो. ताईकडे मागच्या खोलीत सिग्नल एका काडीवर होता, राऊटर कूलरच्या पाठीमागून काढून हॉलच्या वरच्या फळीवर नेला तर तिथे आरामात व्हिडिओ कॉल व्हायला लागला, त्यासाठी फायबरची वायर थोडी लांब करून घ्यावी लागली, ती मात्र नेटवाल्याकडूनच करून घ्या, फायबर मोडली की जोडायला त्यांचंच मशीन लागतं.

दुसरं म्हणजे ऊन. घरगुती राऊटरच्या कागदावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की ४० डिग्रीपर्यंतच्या हवेत चालवा. आपल्याकडे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता, आणि नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या बंद खोलीत दुपारी काय होतं ते वेगळं सांगायला नको. दुपारी दोन ते पाच नेट तुटतं आणि रात्री आपोआप सुधारतं असं होत असेल तर राऊटरला हात लावून बघा, चटका बसत असेल तर त्याला कपाटातून बाहेर काढा, सेटटॉप बॉक्सवरून उतरवा, भिंतीवर मोकळ्या हवेत लावा.

आणि हे सगळं करूनही हॉटस्पॉटवरसुद्धा लॅपटॉप चालत नसेल, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड येतच नसेल, तर दुकानात जायला हरकत नाही, पण जाण्याआधी फायली पेन ड्राइव्हवर काढा आणि तिथे गेल्यावर स्वतःच सांगा की वायफाय कार्ड आणि अँटेनाच्या वायरी तपासून द्या. या वायरी स्क्रीनच्या चौकटीतून बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात, बिजागरी ढिली झाली किंवा कोणी साफसफाईसाठी लॅपटॉप उघडला की निघतात, आणि मग राऊटरच्या शेजारी बसल्यावरच तेवढं नेट चालतं. कार्ड खरंच गेलं असेल तर ते सुटं बदलता येतं. घाई असेल तर युएसबीत लावायचा छोटा वायफाय डोंगल घ्या, खोक्यावर ड्युअल बँड (म्हणजे २.४ आणि ५ दोन्ही) लिहिलेलं बघून घ्या, आणि बिल देण्याआधी काउंटरवरच स्वतःच्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडून दाखवायला सांगा.