पोलिसांची भीती घालणारे वसुलीवाले

"पैसे भरा, नाहीतर उद्या शेरीफ दारात उभा राहील." शेरीफ म्हणजे अमेरिकेतला पोलीस अधिकारी. शेजारच्या ताईंच्या मोबाइलवरचा हा व्हॉइसमेल ऐकला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

इथे कॅलिफोर्नियात पगाराआधी उचल देणारी दुकानं जागोजागी आहेत. 300 डॉलरचा चेक लिहून द्यायचा, 45 डॉलर फी कापून 255 हातात घ्यायचे आणि पगार झाला की दुकानदार तो चेक वटवणार. दोन आठवड्यांच्या उचलीला वर्षाचा दर पडतो 460 टक्क्यांच्या आसपास! ताईंच्या कामाचे तास कमी झाले आणि चेक बाउन्स झाला. मराठी मंडळात कुणीही मदत केली असती, पण परक्या देशात ओळखीच्यांपुढे हात पसरणं जिवावर येतं. ताईंच्या या संकोचात मला काही गैर वाटत नाही.

ताईंच्या पर्समधून करारपत्र काढून वाचलं. त्यातच छापलं होतं, की चेक वटला नाही म्हणून ग्राहकावर फौजदारी करता येत नाही, तशी धमकीही देता येत नाही. हे छापणं दुकानावर कायद्यानेच बंधनकारक आहे. बाउन्सचा दंडही फार तर 15 डॉलर, तोही एकदाच. एवढं असून फोनवर पोलिसांची भीती!

दुकानाने वसुली बाहेरच्या एजन्सीकडे दिली होती. अशा एजन्सींना अमेरिकेचा 1977 चा केंद्रीय कायदा लागू होतो. सकाळी 8 च्या आधी आणि रात्री 9 नंतर फोन नाही, शेजारीपाजारी बोभाटा नाही. आणि फोन नकोत असं लेखी कळवलं की फोन बंद करावेच लागतात. आम्ही सर्टिफाइड मेलने पत्र धाडलं. सहीची हिरवी पोचपावती परत आली आणि फोन थांबले. एका कागदात एवढी ताकद बघून मी अजूनही भारावलेली आहे.

वेळेच्या बाबतीत आपली रिझर्व्ह बँक जास्त कडक आहे, संध्याकाळी 7 नंतर वसुलीचा फोन नाही. हे मी इथे अभिमानाने सांगते. पण लोन ॲपवाले कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या मामा-आत्यांनाही फोन लावतात, तेव्हा नियम कुठे जातात?

पत्राने कर्ज मात्र माफ होत नाही, एजन्सी कोर्टात जाऊ शकते. समन्स आलं तर ते बाजूला न टाकता मुदतीत उत्तर द्यायचं, कारण पगारातून कपात कोर्टाच्या हुकमाशिवाय होत नाही, आणि उत्तरच दिलं नाही तर तो हुकूम सहज निघू शकतो. ताई आता हप्त्यांनी फेडताहेत. हप्ते आधी लेखी ठरवून घेतले, मगच पहिला डॉलर दिला.