युनियनची शिल्लक

खजिनदारपद माझ्याकडे आलं ते पावतीपुस्तकांची पिशवी आणि बँकेचं पासबुक घेऊन. सातपूरच्या एका कारखान्यातली आमची छोटी युनियन. पासबुकातला आकडा बघून कार्यकारिणी निर्धास्त होती. वार्षिक विवरणपत्र भरायला बसलो तेव्हा मात्र हा पैसा आला कुठून, ते शोधावं लागलं.

वर्गणीतून काहीच उरत नव्हतं. तेव्हा लागू असलेल्या 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यातली किमान वर्गणी वर्षाला 12 रुपये होती. आमची त्याहून बरीच जास्त, तरी वकिलाची फी, झेरॉक्स, गाडीभाडं आणि सभेचा चहा यांतच संपायची. शिल्लक होती ती लेव्हीची, म्हणजे पगारवाढीच्या करारानंतर सभासदांना मिळालेल्या मागच्या फरकातून युनियनने घेतलेल्या रकमेची. करार होतो तीन-चार वर्षांनी, आणि आम्ही मात्र तो पैसा दरमहा येत असल्यासारखा उडवत होतो.

तारखांची कटकट वेगळीच. युनियनची नोंदणी बघणाऱ्या निबंधकांना हिशेब 31 डिसेंबरपर्यंतचा लागायचा, तोही तपासलेला. इन्कम टॅक्सला 31 मार्चपर्यंतचा. कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, एकच ठेवली, पण दोन्ही तारखांना रोख मोजून पासबुकाशी ताळा घातला. त्यात मुदत ठेवीच्या व्याजावर बँकेने टीडीएस, म्हणजे आधीच कर, कापलेला. नोंदणीकृत कामगार युनियनचं व्याज तेव्हाच्या 1961 च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम 10(24) खाली करमुक्त होतं, पण शाखेत ते कुणाला पटेना. शेवटी सीएने आयटीआर-7 हे प्राप्तिकर विवरणपत्र भरलं, मग परतावा आला.

खरी खडाजंगी आमसभेत झाली. माझा ठराव असा: लेव्ही मुदत ठेवीतच राहील, कोर्टाचं काम आणि संप-टाळेबंदीतली मदत यांसाठीच मोडायची, तीही कार्यकारिणीच्या ठरावाने. एकाने निवडणुकीत एका उमेदवाराला त्यातून मदत करायचं सुचवलं. त्यासाठी कायद्याने वेगळा, ऐच्छिक राजकीय निधी लागतो म्हटल्यावर तो विषय तिथेच संपला. "पैसा नुसता पडून काय कामाचा?" असंही कुणी विचारलं. तेव्हा मागच्या रांगेतले एक दादा उठले. त्यांचे वडील 1982 च्या गिरणी संपात होते. "गावाकडच्या ज्वारीवर दिवस काढलेत आम्ही," एवढंच बोलून ते बसले.

ठराव मंजूर झाला. वर्गणी वाढवायचा माझा दुसरा ठराव मात्र पडला, त्यामुळे कोर्टाच्या तारखांचं गाडीभाडं सध्या पदाधिकारी आपापल्या खिशातून घालतात.