मॉन्टे कार्लो, क्यूबा, ग्लोसो की मार्सिलिया?

माशांच्या टाकीच्या तळाशी हिरवा गालिचा पसरवणारी रोपं दुकानात सगळी सारखीच दिसतात. लेबलवर विसंबू नका, पेराकडे, म्हणजे खोडावर पान फुटतं त्या सांध्याकडे बघा. ही रोपं बऱ्याचदा पाण्याबाहेर वाढवलेली असतात आणि पाण्याखाली गेल्यावर पानाचा आकार बदलतो; पेरावरची मांडणी बदलत नाही.

एका पेरावर समोरासमोर दोन गोलसर पानं असतील तर मॉन्टे कार्लो किंवा क्यूबा. क्यूबाचं पान जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढं, मॉन्टे कार्लोचं त्याच्या दुप्पट. पानं समोरासमोरच, पण लांबट, जिभेसारखी असतील तर ग्लोसोस्टिग्मा. मार्सिलिया बरीचशी ग्लोसोसारखी दिसते आणि तिथेच फसगत होते. तिच्या आडव्या खोडावर जोडपानं नसतात, एकेक देठ सुटा वर येतो आणि कोवळं पान नेच्यासारखं गुंडाळलेलं असतं, कारण ती नेचाच आहे. आपल्या भातखाचरांतही तिची एक जात चार पाकळ्यांच्या पानांनी उगवते.

ओळख पटणं महत्त्वाचं, कारण क्यूबाला सीओटूशिवाय (पाण्यात सोडायचा कार्बन डायऑक्साइड वायू) लावणं म्हणजे पैसे पाण्यात. ग्लोसोला उजेड कमी पडला की ती पसरायचं सोडून उभी वाढते. मार्सिलिया कमी उजेडातही तगते, पण पहिला महिना-दीड महिना जागची हलत नाही. तेवढ्यात उपटू नका. पहिल्यांदाच लावत असाल तर मॉन्टे कार्लो घ्या.

टिश्यू कल्चरचा कप (प्रयोगशाळेत जेलीवर वाढवलेली रोपं) आणलात तर मुळांवरची जेली पूर्ण धुवा, नाहीतर ती कुजते. एका कपाचे पंधरा-वीस छोटे पुंजके करा. सॉइल, म्हणजे तळाशी घालायची रोपांची खास माती, 4-5 सेंमी हवी. टाकीत पाणी नुसतं सॉइल भिजेल इतकंच ठेवून, चिमटा तिरका धरून पुंजके 2-3 सेंमी अंतरावर खोचा. वर फक्त शेंडे दिसू द्या. वरवर लावलेले पुंजके पाणी भरताच तरंगतात. पाणी भरताना सॉइलवर प्लास्टिकची पिशवी अंथरा.

सीओटू दिवा लागण्याआधी तास-दोन तास सुरू करा. ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारी छोटी कुपी) हिरवा म्हणजे सीओटू साधारण 30 पीपीएम (दहा लाखांत 30 भाग). पहिले तीन आठवडे दिवा सहाच तास. जास्त ठेवलात तर रोप रुजण्याआधी शेवाळच गालिचा करतं. जुनी पानं पिवळी पडून विरघळतील. नवे शेंडे हिरवे असतील तर घाबरू नका.

गालिचा 3 सेंमी जाड झाला की निम्मा छाटा, जीव कितीही हळहळला तरी. खालच्या थराला उजेड आणि पाण्याचा प्रवाह मिळत नाही, तो पिवळा पडतो, मुळं सुटतात आणि एके दिवशी अख्खा तुकडा वर तरंगतो. छाटलेले तुकडे लगेच जाळीने काढा.

एप्रिल-मेमध्ये पाणी 30 अंशांच्या वर गेलं की त्यात सीओटू कमी विरघळतो, आणि रोपांची भूक मात्र वाढते. पाण्यावर आडवा छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात. मात्र बाष्पीभवनाने घटलेलं पाणी आरओचंच भरा. बोअरचं भरत राहिलात तर क्षार साठत जातात.