स्वीकृत प्रतीचा शोध

विद्यापीठाच्या ग्रंथालयात संशोधन-भांडाराचे काम माझ्याकडे आहे. प्राध्यापकांचे लेख, प्रबंध आणि अहवाल तपासून, त्यांची नोंद करून, ते कोणालाही विनामूल्य वाचता येतील असे ठेवायचे, इतके साधे हे काम ऐकताना वाटते. प्रत्यक्षात माझा निम्मा दिवस समोरची फाइल लेखाच्या कोणत्या टप्प्यातली आहे हे ठरवण्यात जातो. हे ठरवताना हयगय झाली तर काय होते, ते एका सोमवारी कळले.

त्या सकाळी एका प्रकाशकाच्या वतीने आलेला ईमेल भांडाराच्या पेटीत सर्वांत वर होता. भाषा सभ्य, मजकूर थोडका. आमच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या अकरा लेखांच्या, आम्ही मांडणी केलेल्या पीडीएफ आपण परवानगीविना खुल्या ठेवल्या आहेत, त्या तीन दिवसांत काढाव्यात, असे त्यात लिहिले होते आणि खाली अकरा दुवे दिले होते. सगळे लेख मृदारसायनशास्त्राच्या एकाच ज्येष्ठ प्राध्यापकांचे होते. ते वर चढवले होते आमच्याच कार्यालयाने, मी रुजू होण्याच्या आधी, बहुधा संकेतस्थळ लवकर भरलेले दिसावे या उत्साहात. प्रत्येक लेखाच्या पहिल्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत सर्व हक्क राखीव असल्याची ओळ होती. ती वाचायला चष्माही लागत नव्हता.

फाइली मी लगेच झाकल्या, पण नोंदी ठेवल्या. शीर्षक, सारांश, लेखकांची नावे आणि डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक, दाखवायला कोणाची हरकत नसते. मग सरांना फोन केला आणि त्यांच्या खोलीत गेले.

"मॅडम, लेख मी लिहिला, प्रयोग माझ्या विद्यार्थ्यांनी केले, परीक्षणही माझ्यासारख्याच कोणीतरी फुकट केले. आणि तो माझ्याच विद्यापीठात ठेवायला मला परवानगी नाही?" सर चिडले नव्हते. त्यांना खरोखर आश्चर्य वाटत होते.

लेख स्वीकारल्यानंतर प्रकाशकाने पाठवलेल्या हक्क-हस्तांतराच्या अर्जावर अकराही वेळा सही झाली होती, हे त्यांना आठवत नव्हते. सहसा कोणालाच आठवत नाही. तो अर्ज स्वीकृतीच्या आनंदात भरला जातो. संशोधक आपले लेख जिथे एकमेकांना दाखवतात त्या रिसर्चगेट संकेतस्थळावर सगळेच टाकतात, असेही ते म्हणाले. त्या संकेतस्थळाविरुद्ध दोन मोठ्या प्रकाशकांनी २०१७ मध्ये जर्मनीत याच कारणासाठी दावा लावला होता, हे मी सांगितले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा खुर्ची माझ्याकडे वळवली.

प्रकाशकाला शुल्क भरून हे लेख आता खुले करता येतील का, असे त्यांनी विचारले. नव्या लेखांसाठी तो मार्ग असतो, पण या लेखांमागचे प्रकल्प केव्हाच संपले होते आणि अकरा लेखांचे शुल्क द्यायला कोणत्याही खात्यात तरतूद नव्हती. उरला तो हरित मार्ग. फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्टहून प्रसिद्ध झालेल्या जाहीरनाम्याने खुल्या उपलब्धतेच्या दोन वाटा सांगितल्या होत्या, त्यातली पहिली हीच: लेखकाने स्वतःच आपला लेख खुल्या भांडारात ठेवायचा. बहुतेक प्रकाशक याला संमती देतात, मात्र ती स्वीकृत प्रतीपुरती असते आणि ठरावीक प्रतिबंध-काळ, म्हणजे प्रकाशनानंतर लेख खुला करायला मनाई असलेला काळ, संपल्यावर लागू होते. स्वीकृत प्रत म्हणजे परीक्षकांच्या सूचनांनुसार सुधारलेला आणि संपादकाने मान्य केलेला, पण प्रकाशकाने भाषा-संपादन आणि मांडणी न केलेला मजकूर. लेखकाच्या संगणकावरची, दुप्पट ओळ-अंतराची, तक्ते शेवटी जोडलेली ती कुरूप फाइल.

"म्हणजे वर्डमधली," सर म्हणाले.

"हो. आहेत ना तुमच्याकडे?"

ते गप्प राहिले. छापील लेख हातात आला की वर्डची फाइल कोण जपून ठेवतो? कायद्याने खुली करता येणारी प्रतच लेखकाला सर्वांत बिनमहत्त्वाची वाटते. याच मजल्यावरच्या भौतिकशास्त्र विभागाला ही अडचण कधी येत नाही, कारण त्यांचे लेख १९९१ पासून चालत आलेल्या अर्काइव्ह (arXiv) या खुल्या ऑनलाइन भांडारावर आधी जातात आणि नियतकालिकात नंतर. रसायनशास्त्रज्ञांना ही सवय उशिरा लागते आहे.

पुढचे पाच तास मी आणि सरांची एक संशोधक विद्यार्थिनी जुन्या डिस्क उघडत बसलो. एका फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल २', 'फायनल सरांसाठी' आणि 'फायनल खरी' अशा चार फाइली मिळाल्या. गंमत म्हणजे, 'फायनल खरी' सर्वांत जुनी निघाली. फाइलच्या नावावर किंवा तारखेवर भरवसा ठेवता येत नाही, कारण डिस्क बदलताना तारखाही बदलतात. मग मी माझी नेहमीची युक्ती वापरली. परीक्षकांचे अभिप्राय ईमेलमध्ये जपलेले असतात, कारण लेखक अपमान विसरत नाहीत. दुसऱ्या परीक्षकाने मातीच्या नमुन्यांची खोली का निवडली याचे स्पष्टीकरण मागितले होते. तो परिच्छेद ज्या फाइलमध्ये आहे ती परीक्षणानंतरची, नाही ती आधीची. अशा रीतीने तीन लेख सुटले. चार लेख नियतकालिकांच्या लेख-सादरीकरणाच्या संकेतस्थळांवर सरांच्या जुन्या खात्यांत जसेच्या तसे पडून होते. एक लेख परदेशी गेलेल्या सहलेखिकेने तासाभरात पाठवला. आणखी एक कपाटात कागदावर सापडला, गंजलेल्या पिनेसकट, समासात पेन्सिलीच्या खुणा केलेला. त्या खुणा संपादकाच्या अंतिम पत्राशी जुळल्या, म्हणून तो स्कॅन केला.

संध्याकाळी फाइली छापील लेखांशी ताडून पाहताना विद्यार्थिनी थांबली. "मॅडम, तिसरा तक्ता बघा."

छापील लेखात शिशाचे प्रमाण मायक्रोग्रॅम प्रति किलोग्रॅममध्ये दिले होते. आमच्या स्वीकृत प्रतीत आकडे तेच होते, पण एकक मिलिग्रॅम होते. सरळ हजारपटीचा फरक. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, मजकूर पुन्हा वाचला आणि कबूल केले की ही चूक त्यांनी मुद्रित तपासताना सुधारली होती, म्हणजे प्रकाशकाने मांडणी करून पाठवलेल्या प्रतीवर, स्वीकृतीनंतर. परीक्षकांच्या नजरेतून ती निसटली होती. सुधारणा फक्त त्या प्रतीत गेली जी आम्हाला खुली करता येत नव्हती, आणि जी खुली करता येत होती तिच्यात एखाद्या शेताची माती विषारी ठरली असती.

इथे माझे आणि सरांचे मतभेद झाले. त्यांचे म्हणणे होते की फाइलमधला शब्द बदलावा आणि विषय संपवावा. मला ते पटले नाही. स्वीकृत प्रत म्हणून आपण जे ठेवतो ते संपादकाने मान्य केलेलेच असले पाहिजे. शांतपणे एक शब्द बदलायला सुरुवात केली तर उद्या कोणी एक परिच्छेद बदलेल आणि त्या प्रतीला काही अर्थ उरणार नाही. दुसरीकडे, चूक माहीत असूनही ती वाचकापुढे तशीच ठेवणे हा अप्रामाणिकपणा झाला असता. बराच वेळ घासाघीस झाल्यावर आम्ही फाइलला हात लावला नाही, पण सुरुवातीला एक आवरण-पान जोडले. ही स्वीकृत प्रत आहे, उद्धृत करण्यासाठी प्रकाशित आवृत्तीचा डीओआय असा, आणि तक्ता ३ मधील एकक मायक्रोग्रॅम असे वाचावे, दुरुस्ती लेखकाची, असे त्यावर ठळक लिहिले. तीच ओळ भांडाराच्या नोंदीतही घातली, कारण आवरण-पान ओलांडून थेट तक्त्याकडे जाणारे वाचक मला ठाऊक आहेत. मी स्वतः त्यांतलीच आहे.

निघताना सरांनी विचारले की हा सगळा खटाटोप टाळता येतो का. येतो, मी म्हणाले, आणि हार्वर्डचे उदाहरण दिले. हार्वर्डच्या कला व विज्ञान विद्याशाखेने फेब्रुवारी २००८ मध्ये ठराव केला की प्राध्यापकांच्या विद्वत्-लेखांचा अनन्य नसलेला परवाना, म्हणजे इतरांनाही देता येईल असा, विद्यापीठाकडे आधीच असेल. प्रकाशकाशी नंतर काहीही करार झाला तरी तो परवाना टिकतो, आणि कोणाला नको असेल तर सूट मागता येते. आमच्याकडे असा ठराव नाही. विद्वत्परिषदेपुढे तो मांडण्याची विनंती मी दोनदा टिपणीवर लिहिली आहे. सरांनी तिसऱ्या टिपणीवर सही करायचे मान्य केले, आणि खरे सांगायचे तर त्या दिवसाची मला झालेली सर्वांत मोठी मिळकत हीच होती.

अकरापैकी नऊ लेख पुन्हा वर आले. त्यांतल्या एकाचा प्रतिबंध-काळ अजून चार महिने बाकी होता, म्हणून तो आपोआप खुलेल अशी तारीख घातली. उरलेल्या दोन लेखांच्या स्वीकृत प्रतींच्या फाइली एका निकामी झालेल्या संगणकाबरोबर भंगारात गेल्या आहेत. त्यांच्या नोंदींवर फक्त सारांश आहे आणि त्याखाली 'लेखकाकडे प्रत मागा' असे बटण. ते दाबले की विनंती सरांच्या ईमेलवर जाते. परवा त्यांनी मला बोलावून विचारले की उत्तर देताना फाइल कुठे जोडायची. एका विनंतीला त्यांनी उत्तर दिले होते, पण जोडायचे राहून गेले होते.